मोटारीची झिलई

विजयादशमीच्या दिवशीं शस्त्रें, ग्रंथ आणि वाहनें यांची पूजा करण्याची आपल्याकडे चाल आहे. पूर्वीं घोड्यास खरारा होई, गाडीच्या चाकांस वंगण मिळे. आतां दारांत मोटार उभी असते, आणि सकाळींच घरांतील मुलें बादल्या व फडकीं घेऊन तिच्याभोंवतीं जमतात. हा देखावा पाहून कोणासहि आनंदच वाटेल. परंतु त्या एका सकाळच्या उत्साहांत मोटारीच्या रंगाची जेवढी हानि होते, तेवढी कित्येक महिन्यांच्या उन्हापावसानेंहि होत नसावी, असें स्वानुभवावरून आमचें मत झालें आहे. तो अनुभवच प्रथम सांगतों. कारण चूक केलेल्यानें उपदेश केला तर ऐकणारास तो कमी बोचतो.

आमच्या थोरल्या बंधूंची पद्मिनी गाडी १९८६ सालची, गर्द निळ्या रंगाची. ह्या जातीची गाडी निघावयाची बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीहि २०२३ सालच्या ऑक्टोबरांत निवृत्त झाल्या. तेव्हां असा जिन्नस आतां सहजीं मिळावयाचा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं दसऱ्याच्या सकाळीं तिच्या बॉनेटवर कावळ्याची विष्ठा वाळलेली दिसली. पूजेची वेळ होत आली होती. आम्हीं स्वयंपाकघरांतून भांडीं घांसावयाची पावडर व हिरवी घासणी आणली, आणि समई उजळावी त्या निष्ठेनें ती जागा घांसून काढली. डाग गेला, पण त्याबरोबर झिलईहि गेली. निळ्या बॉनेटवर ताटाएवढें पांढुरकें वर्तुळ उमटलें, आणि कडेच्या उंचवट्यावर तर खालचें तांबूस अस्तर डोकावूं लागलें. दादा आले, त्यांनीं पाहिलें, आणि कांहीं न बोलतां झेंडूची माळ त्या जागेवर सरकविली. दुपारीं पानावर वहिनींनीं विषय काढला, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "अरे, घागर आणि गाडी यांत तुला कांहींच फरक वाटला नाहीं का?" उभा जन्म मुलांस 'सारासार विचार करा' म्हणून सांगत आलेल्या आम्हांस ह्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. पुढें एका वृद्ध मोटार-रंगाऱ्यापाशीं बसून आणि थोडेंफार वाचून जें उत्तर मिळालें, तें येथें देत आहों.

घागर आंतबाहेर पितळेचीच असते. वरचा पापुद्रा निघाला तरी खालीं पुनः पितळच लागतें. मोटारीचें तसें नाहीं. पत्र्यास गंज चढूं नये म्हणून एक अस्तर, रंग सपाट बसावा म्हणून दुसरें, त्यावर रंग, आणि अलीकडील बहुतेक गाड्यांवर त्याहिवर एक पारदर्शक रोगणाचा थर असतो. हे सारे थर मिळून जाडी सुमारें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, किंवा किंचित् अधिक भरते. त्यांतील पारदर्शक थर तर ४०-५० मायक्रॉनचाच, म्हणजे सामान्य केसाहूनहि पातळ. मोटारीची सारी तकाकी ह्या एवढ्याशा थरावर अवलंबून असते. दादांच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांवर हा निराळा थर नसतो. तेथें रंग हाच थर. पांढऱ्या फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन एका कोपऱ्यांत हलकेच चोळावें. फडक्यास गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाहीं असें समजावें.

आतां झिलई म्हणजे काय? निवांत तळ्यांत काठचें झाड स्पष्ट दिसतें. वाऱ्यानें पाणी खवळलें कीं तेंच प्रतिबिंब विस्कटतें. पाणी तेंच, प्रकाशहि तोच. केवळ पृष्ठभाग बदलला. सपाट पृष्ठावरून सारे किरण एकाच दिशेस परततात, खडबडीत पृष्ठावरून ते दशदिशांस फांकतात. मोटारीच्या रंगावर बारीक चरे पडले म्हणजे तिचा रंग फिका वाटतो तो ह्यामुळें. उन्हांत पाहिलें असतां सूर्यबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात. ते चरे वस्तुतः सर्व दिशांनीं असतात, पण प्रकाशाशीं विशिष्ट कोन करणारे तेवढे चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. त्या रंगाऱ्यानें आम्हांस जें सांगितलें तें ह्याच शास्त्राचें सार होतें: "मास्तर, चकाकी वरून चढवायची नसते, आहे ती दिसूं द्यायची असते."

हे चरे पडतात कशानें? बहुधा आपल्याच फडक्यानें. रस्त्याच्या धुळींत वाळूचे कण असतात, आणि ते रोगणाहून कठीण असतात. कोरड्या गाडीवर फडकें किंवा पिसांचा झाडू फिरविणें म्हणजे त्या कणांनीं रंग खरवडणेंच होय. म्हणून पहिला नियम हा कीं, कोरडी गाडी पुसूं नये. प्रथम सावलींत, गाडी थंड असतां, भरपूर पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकींत गाडीसाठीं मिळणारा सौम्य शांपू, दुसरींत नुसतें पाणी. फडकें प्रत्येक वेळीं साध्या पाण्यांत खळबळून मगच शांपूंत बुडवावें. वरून खालीं धूत यावें, कारण खालचा भाग अधिक मळलेला असतो. कपड्यांची वा भांड्यांची पावडर वापरूं नये; तिनें मळाबरोबर मेणहि निघून जातें. रॉकेलचा बोळा फिरविण्याची जुनी पद्धत तर सर्वथा त्याज्य होय. धुतल्यावर पाणी अंगावरच वाळूं देऊं नये. विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्यांतील क्षार मागें राहून पांढरे ठिपके पडतात. मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यानें तें अलगद टिपून घ्यावें.

पक्ष्यांची विष्ठा मात्र धुण्याच्या दिवसापर्यंत ठेवूं नये. तींत यूरिक आम्ल असतें, आणि उन्हानें तापलेल्या रंगावर त्याचा परिणाम लौकर होतो. ओलें फडकें कांहीं मिनिटें त्यावर ठेवावें, तें भिजूं द्यावें, आणि मग न रगडतां उचलून घ्यावें. एवढ्या दहा मिनिटांचा धीर त्या सकाळीं आमच्यापाशीं असता, तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती!

धुतल्यानंतर हाताचा तळवा हलकेच फिरवून पाहावा. खरखर लागली तर रंगांत चिकटून बसलेले कण आहेत असें जाणावें. ते काढण्यासाठीं एक विशिष्ट मऊ माती, जिला क्ले म्हणतात, साबणाच्या पाण्याबरोबर फिरवितात. ती जमिनीवर पडली तर मोह न धरतां टाकून द्यावी. तिला लागलेली वाळू पुनः चरेच पाडील.

पॉलिश आणि मेण हीं एकच, अशी पुष्कळांची समजूत असते. तीं दोन अगदीं भिन्न आहेत. पॉलिशांत अत्यंत बारीक घर्षक चूर्ण असतें. तें पृष्ठभाग किंचित् झिजवून सपाट करतें. म्हणजे दर वेळीं थोडा थर कायमचा जातो. यास्तव तें क्वचितच करावें. चऱ्यावरून नख फिरवितां अडखळलें, तर तो चरा पॉलिशच्या आवांक्याबाहेरचा समजावा. कडांवर व उंचवट्यांवर रंग पातळ असतो. तेथें यंत्र चालवूं नये, हातहि हलका ठेवावा.

मेण कांहीं झिजवीत नाहीं. तें रक्षण करतें. मधमाशांच्या मेणास संस्कृतांत मधूच्छिष्ट असें सुंदर नांव आहे; तें सुमारें ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतें. मोटारीसाठीं नांवाजलेलें कार्नौबा मेण मात्र ब्राझील देशाच्या ईशान्य भागांतील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर मिळतें. पानें वाळवून झोडपलीं म्हणजे त्याची भुकटी निघते. तें ८२ ते ८६ अंशांस वितळतें आणि नैसर्गिक मेणांत अत्यंत कठीण गणलें जातें. उन्हापासून आपला ओलावा राखण्यासाठीं झाडानें जें आवरण निर्माण केलें, तेंच मनुष्यानें आपल्या मोटारीवर पांघरलें! मेण लावतांना थर जितका पातळ तितका उत्तम. जाड थरानें झिलई वाढत नाहीं, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. एकेका भागावर लावून तें धुरकट झालें म्हणजे स्वच्छ फडक्यानें पुसावें. हें आवरण दोनतीन महिने टिकतें. आतां कृत्रिम सीलंट व सिरॅमिक लेप निघाले आहेत. ते अधिक टिकाऊ खरे, पण खालीं चरे असतील तर तेहि जसेच्या तसे जपले जातात.

दादांच्या गाडीवरील तें वर्तुळ रंगाऱ्याच्या देखरेखीखालीं आम्हीं स्वहस्तें चार दिवस पॉलिश करून पुष्कळसें उजळलें. कडेचा तांबूस ठिपका मात्र तसाच राहिला. गेलेला रंग कोणतेंहि मेण परत आणीत नाहीं. तेवढीच जागा रंगवून घेऊं असें आम्हीं सुचविलें. दादा म्हणाले, "राहूं दे. बारीक ब्रशानें रंगाचा थेंब लावून टाक, गंज धरणार नाहीं म्हणजे झालें." तेव्हांपासून दर तीन महिन्यांनीं बॉनेटला मेण लावण्याचें काम त्यांनीं आमच्याकडे सोंपविलें आहे, आणि तें करतांना ते जवळ खुर्ची टाकून बसतात. येत्या दसऱ्यास आपल्या घरचीं मुलें बादल्या घेऊन निघतील, तेव्हां वाचकांनीं त्यांच्या उत्साहास आवर घालूं नये. त्यांच्या हातांतील फडकें तेवढें पाहून घ्यावें.