टेंडर गेला, गाडी आली

2025 च्या पेसाखनंतर आम्ही आमचा जुना टेंडर दिला आणि नवी मधल्या आकाराची गाडी घेतली. भारतात टेंडर म्हणजे सरकारी कामाची निविदा. मुलांनो, इथे इस्राएलात टेंडर म्हणजे मागे सामानाला मोकळी जागा असलेला छोटा ट्रक, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

आमच्या ह्यांनी तो 2004 साली इलेक्ट्रिकच्या कामासाठी घेतला. शिडी, वायरची भेंडोळी त्यात असायचीच. पण दिमोन्यात कोणाची मेंदी, लग्न किंवा मलिदा असला की खुर्च्या, पातेली, नारळांची पोती त्यातूनच जायची.

मग दिला का? गुडघ्यांपायी! एके दिवशी उतरताना ह्यांचा पाय घसरला. हाड वाचलं, पण आम्ही घाबरलो. आमची चाळीस वर्षं वॉर्डात गेली. पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचं पुढे काय होतं ते आम्ही पाहिलंय.

गाडी बघताना आम्ही रंग नंतर पाहिला, सीट आधी. सीट फार उंच नको, फार खोलही नको. बसताना पाठमोरं व्हावं, कडेवर टेकावं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. उतरताना आधी दोन्ही पाय जमिनीवर, मग उठावं. जिच्यातून ह्यांना कण्हल्याशिवाय उठता आलं, ती गाडी पसंत केली.

आता पैशांचं. इथे पेट्रोल गाडीवर खरेदी कराचा मूळ दर 83 टक्के; कमी धूर सोडणाऱ्या गाडीला त्यात सूट मिळते. शिवाय जानेवारी 2025 पासून व्हॅट 17 चा 18 टक्के झाला. म्हणून एकेक शेकेल मोजावा लागतो. शोरूमवाल्याने एकच आकडा सांगितला, “टेंडर द्या, वर एवढे भरा.” आमची अकरा वर्षांची नात म्हणाली, “सबा, टेंडरचे किती धरले?” तो नुसता हसला.

घरी येऊन नातीनं वहीत दोन रकाने केले : जुन्याची किंमत, नव्याची किंमत. लेवी यित्झाकच्या दरसूचीत टेंडरचा भाव पाहिला. जितके मालक तितके ‘हात’ मोजतात. आमचा दुसरा हात. हात आणि किलोमीटर वाढले की भाव उतरतो. ते वजा करूनही शोरूमवाल्याने सहा हजार शेकेल कमी धरले होते! वर जी ‘खास सूट’ सांगितली, ती टेंडर न देणाऱ्यालाही मिळत होती. आम्ही दुसरीकडे गेलो, दोन्ही किमती वेगवेगळ्या लिहून घेतल्या, तेव्हा टेंडरचे साडेचार हजार जास्त मिळाले. घाई केली असती तर ते गेलेच होते.

द्यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी टेंडर धुतला. सीटखाली एक टेस्टर आणि कोणाच्या तरी लग्नातली पळी सापडली. हे बराच वेळ आत बसून राहिले. आम्ही हाक मारली नाही.

आता खुर्च्या आमच्याकडे मावणार नाहीत. ते काम तरुणांनी उचलावं. पण टेंडरमध्ये आमच्या शेजारणींना चढता येत नव्हतं. आता मागे तीन जागा आहेत. कोणाला बिअर शेव्याला डॉक्टरकडे जायचं असेल तर आदल्या रात्री फोन करा. पळी ज्यांची असेल त्यांनीही करा!