भरलेल्या बाटल्या

मे महिना उजाडला की आमच्या घरातले डबे आधी भरतात आणि मग घर. पनवेल म्हणजे मुंबईचा उंबरठा. त्यामुळे ‘जाता जाता दोन दिवस टेकू’ म्हणणारे पाहुणे आठ दिवस सहज राहतात. आम्हालाही ते हवंच असतं, खोटं कशाला बोलू!

गेल्या मे महिन्यात माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या अक्का, जळगाव जिल्ह्यातल्या त्यांच्या गावाहून आल्या. सोबत मुलगा, सून आणि दोन नातवंडं. पिशव्यांमधून ज्वारीचे बिबडे, कुरडया आणि केळ्याचे वेफर्स निघाले. वन बीएचकेत आम्ही नऊ माणसं. सोसायटीत पाण्याचा टँकर, त्यामुळे पहाटे उठून पिंपं भरायची. पण रात्री गाद्या अंथरल्यावर ज्या गप्पा रंगत, त्यात सगळा शीण निघून जाई.

अठ्ठावन्न वर्षांच्या अक्कांनी समुद्र पाहिलेला नव्हता. भाच्याला २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू बघायचा होता, मुलांना पेंग्विन आणि अक्कांना फक्त समुद्र. पहिला मान अक्कांचा. घारापुरीला जायचं ठरलं.

आता आमच्या घरची रीत सांगते. गेल्या पंचवीस वर्षांत मी कितीतरी पाहुण्यांना मुंबई दाखवली, पण कशी? पहाटे पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरून! मंडळी फिरायला जातात, मी मागे राहून संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागते. यंदाही तेच म्हणाले. अक्कांनी चप्पल काढून ठेवली. “तू येणार नसशील तर मीही बसते इथंच. दोघी मिळून गवार निवडू.” मग काय, कुकर उतरवला आणि साडी बदलली.

पनवेलहूनच सुटणारी लोकल, त्यामुळे बसायला जागा मिळाली. तासाभराहून थोडा जास्त प्रवास, पुढे बसने गेटवे. तिथे बोट सुटली आणि अक्का कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “एवढं पाणी, आणि पिता येत नाही गं!” आम्ही हसलो.

घारापुरी मुंबईची म्हणून सगळे जातात, पण हे बेट आपल्या रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. लेणी युनेस्कोच्या यादीत १९८७ मध्येच गेली, पण बेटावरच्या गावांत कायमची वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. मी हे भाच्याला सांगत होते, तेवढ्यात मागून सुनेची हाक आली. सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. निम्म्या चढून अक्का खाली बसल्या होत्या. डोळ्यांपुढे अंधारी, ओठ कोरडे, हात गार.

पायऱ्यांवर काकड्या विकणाऱ्या बाईने आपल्या ताडपत्रीखाली जागा करून दिली. मी अक्कांच्या पिशवीतून बाटली काढली. ती काठोकाठ भरलेली!

“अक्का, पाणी नाही प्यालात?”

“पहाटे चहा घेतला तेवढाच. वाटेत कुठं जायचं होतं गं?” त्या हळूच म्हणाल्या. सुनेने मान खाली घातली. तिचीही बाटली भरलेली. मी माझ्या पिशवीत हात घातला. माझीही! आणि भाच्याची, मुलांची, आमच्या ह्यांची बाटली कधीच रिकामी झाली होती.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. पनवेलजवळच्या वाड्यांवर जाऊन ‘भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका, त्याने इन्फेक्शन होतं’ असं बायकांना बजावणारी मी! आणि स्वतः प्रवासाला निघाले की आपोआप तोंडाला कुलूप. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईला बघून आलं असावं.

हे दुखणं काही आमच्या एकटीच्या घरचं नाही. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी ‘राइट टू पी’ मोहीम उभी केली ती याचसाठी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा कुठला न्याय, असा त्यांचा साधा सवाल होता. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने हाच प्रश्न कोर्टात नेला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित सोय करा असं बजावलं. सोय अजूनही पुरेशी नाही, हे आपण रोज बघतोच. पण त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट टोचली. बेटावर स्वच्छतागृह होतं. ते कुठे आहे, हे आम्ही तिघींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी पिऊन अक्का अर्ध्या तासाने सावरल्या. मी सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलं, “बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे हो?” काकडीवालीने हात करून दाखवलं. मग आम्ही सावकाश वर गेलो. त्या भव्य त्रिमूर्तीपुढे अक्का हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

रात्री जेवताना मी विषय काढला. भाचा गप्प झाला. म्हणाला, “मामी, आम्हाला कळलंच नाही.”

“आम्ही सांगितलंच नाही, मग कळणार कसं?”

पुढची सहल राणीच्या बागेची. बाग बुधवारी बंद, म्हणून गुरुवारी निघालो. या वेळी पुऱ्या भाच्याने तळल्या. थोड्या वातड झाल्या, पण कुणी बोललं नाही! आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवलं होतं : कुठल्या स्टेशनवर थांबायचं, आत गेल्यावर सोय कुठे विचारायची. दर तासाला सगळ्यांनी पाणी प्यायचं आणि बाटल्या तपासायचं काम धाकट्या नातवाचं. पोरगं इतकं कडक, की अक्का म्हणाल्या, “मास्तर होशील रे!”

पेंग्विन झाले. मग भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती अक्कांना दाखवला. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तो फुटला. ते तुकडे जोडून पुढे त्याला इथे उभं केलं. अक्कांनी त्याच्या पायाकडे बघितलं. “माहेराहून आणलाय बिचाऱ्याला,” म्हणाल्या.

निघायच्या दिवशी मंगला एक्स्प्रेससाठी पनवेल स्टेशनवर उभे होतो. मी सवयीने डबा पुढे केला. अक्कांनी तो सुनेकडे दिला, स्वतःची बाटली उघडली आणि फलाटावरच चार घोट प्यायल्या.

“बघतेस काय? गाडीत सोय आहे,” त्या हसून म्हणाल्या. “आणि दिवाळीत तू यायचंस. एकटीने. डबा न घेता.”