हाताला न कळणारा जोर : कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच वापरताना आणि सांभाळताना

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने आज नट-बोल्टवर बोलावं, याची काहींना गंमत वाटली असेल. पण हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. तो आम्ही आधी रस्त्यावर शिकलो, पुस्तकात नंतर शोधला.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता गाडीने पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी ओलांडली आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीबरोबर आलेला पाना होता. पण नट काही हलेना. आठवड्यापूर्वी एका दुकानात टायर बदलले होते. तिथल्या मुलाने गन लावून दोन मिनिटांत चारही चाकं आवळून दिली होती. किती आवळली, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यालाही ठाऊक नसावं. शेवटी आम्ही पान्यावर उभे राहिलो. सत्तरीच्या माणसाने करू नये ते केलं. पाना निसटला, गुडघा फुटला. अंधार पडता पडता एका ट्रकवाल्याने पान्याला लांब पाइप जोडून नट सोडवले, त्यात एक स्टड तुटला.

घरी आल्यावर आम्ही स्वतःच एक १८ व्होल्टचा कॉर्डलेस रेंच घेतला. म्हटलं, आता परावलंबन नको. आणि पहिल्याच महिन्यात नट आडवा चढवून आटे घालवले! तेव्हा कळलं, की चूक एकट्या त्या मुलाची नव्हती. या यंत्राचा स्वभावच असा आहे की ते वापरणाऱ्याला काही कळू देत नाही.

हा स्वभाव समजून घेऊ. आतली मोटर एक जड हातोडा गोल फिरवते. पुढे ऐरण असते आणि ऐरणीच्या टोकाला आपण गोटी लावतो. नट सैल असेपर्यंत हातोडा आणि ऐरण बरोबर फिरतात. विरोध वाढला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या दातांवरून सुटतो आणि पुन्हा पुढे येऊन आदळतो. असे मिनिटाला दोन-तीन हजार ठोके. प्रत्येक ठोका क्षणभराचा, त्यामुळे त्याची उलट ओढ मनगटापर्यंत फारशी येत नाही. ड्रिल अडकलं तर मनगट पिळवटतं. इथे तसं होत नाही. हीच सोय आणि हाच धोका.

मायकेल पोलान्यी हे आधी रसायनशास्त्रज्ञ होते, मग तत्त्वज्ञ झाले. १९५८ च्या आपल्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात त्यांनी हातोडी आणि खिळ्याचं उदाहरण घेतलं आहे. आपलं लक्ष खिळ्यावर असतं, पण तळहाताला जे जाणवतं त्याच्या आधारावरच आपण ठोकत असतो. साध्या पान्याचंही तसंच. नट आडवा लागतोय, पुरेसा बसलाय, आता ताणतोय, हे हाताला आधी कळतं. इम्पॅक्ट रेंच हे कळणंच काढून घेतो. म्हणून ते ज्ञान आपल्याला नियमांच्या रूपाने परत आणावं लागतं.

आता आकडे. लहान मोटारींच्या चाकाचे नट साधारण ९० ते १२० न्यूटन मीटरला आवळतात; आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो, तोच धरायचा. १०० न्यूटन मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलो वजन टांगणं. अर्ध्या इंची रेंच मात्र सहज ३०० च्या पुढे जातो. शिवाय आपल्याला खरं हवं असतं ते आवळणं नव्हे, तर स्टडमधला ताण. लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच ताणात जातो, बाकीचा आट्यांमध्ये आणि नटाखाली घर्षणात मुरतो. म्हणूनच स्टडला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. घर्षण कमी झालं की तोच आकडा स्टडला जास्त ताणतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. नट पहिले तीन-चार आटे बोटांनीच चढवायचा. अडला तर काढून पुन्हा लावायचा. मग रेंच सर्वात कमी वेगावर ठेवून, समोरासमोरचे नट घेत, नट टेकेपर्यंतच चालवायचा. ठोके सुरू झाले की ट्रिगर सोडायचा. गाडी खाली उतरवून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, हाताने. एक गोष्ट नीट ऐका : नट जरासुद्धा न फिरता टॉर्क रेंचने ‘टक्’ केलं, तर समाधान मानू नका. नट आधीच जास्त आवळला गेला असेल तरीही तो टक् वाजतोच. असा नट सैल करून पुन्हा आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासा.

आता शरीराची काळजी. गोटी काळी, जाड, इम्पॅक्टसाठी बनवलेलीच हवी. नेहमीची चकचकीत गोटी ठोक्यांनी तडकते आणि तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा. गोटी बदलताना बॅटरी काढायची. फिरत्या गोटीला हात लावायचा नाही, सैल हातमोजे नकोत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. पेट्रोलच्या वाफा असतील तिथे यंत्र सुरू करायचं नाही. आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबल आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेचा हिशेब आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसाची फक्त १५ मिनिटं उरतात. कानात बोळे घालाच.

देखभाल सोपी आहे. हवेच्या फटी कोरड्या ब्रशने साफ ठेवा. पाणी, पेट्रोल, थिनर नको. गोटी धरणारी कडी किंवा पिन झिजली तर बदला. लिथियम बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, गरम असताना चार्ज करू नका. बरेच दिवस वापर नसेल तर अर्धवट चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा. तिची टोकं खिळे-किल्ल्यांना लागू देऊ नका. फुगली, चिरली किंवा जोरात आपटली तर ती बॅटरी वापरातून बाद.

शेवटी त्या दुकानातल्या मुलाकडे येऊ. १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई अमेरिकेतल्या बेडफर्डला गेल्या. तिथले दगडकामगार हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरत. त्यांची बोटं पांढरी पडून बधिर होतात, हे बाईंनी नोंदवलं. आपण महिन्यातून एकदा रेंच हातात घेतो, तो मुलगा दिवसभर घेतो. कानात काही नाही, डोळ्यांवर काही नाही, आणि समोर आपण घड्याळ बघत उभे! यंत्राने आधी त्याच्या हाताचं ज्ञान काढून घेतलं. उद्या ते त्याच्या बोटांची संवेदनाही घेईल.

तेव्हा पुढच्या वेळी टायर बदलायला जाल तेव्हा सांगा, “बाळ, घाई नाही. शेवटचं हाताने आवळ.” आणि तो आवळत असताना पाच मिनिटं शांत उभे राहा.

आता प्रश्न घेऊ या.