चुरगळणाऱ्या पत्र्याचे गणित

इयत्ता नववीच्या विज्ञानातील ‘गतीचे नियम’ हे प्रकरण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मोटार उद्योगाचा पायाच आहे. बल ही सदिश राशी आहे, म्हणजे तिला परिमाणाबरोबर दिशाही असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मोटारींना सुरक्षिततेचे तारांकित मानांकन देणाऱ्या योजनेच्या समोरील धडकेच्या चाचणीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने, पुढच्या भागाच्या केवळ ४० टक्के रुंदीवर अडथळ्याला धडकवली जाते. अडथळ्याचे बल मोटारीच्या वस्तुमानाच्या केंद्रातून न जाता एका बाजूने लागत असल्याने मोटार थांबता थांबता वळतेही, आणि म्हणून बलाची दिशा व ते कोठे लागते या गोष्टी त्याच्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. या वेगाने जाणारी ७० किलोग्रॅमची व्यक्ती ६० सेंटिमीटर अंतरात थांबली, तर तिच्यावर सरासरी सुमारे १८,४०० न्यूटन बल येते. पट्टा न बांधल्याने ती पुढे आदळून ६ सेंटिमीटरमध्येच थांबली, तर तेच बल दहापट होते. थांबण्याचे अंतर वाढावे यासाठीच मोटारीचा पुढचा भाग चुरगळणारा घडवतात, त्यामुळे चुरगळली ती गाडी कच्ची, हा समज चुकीचा आहे. टाटा मोटर्सच्या हॅरियर आणि सफारी या मोटारींना डिसेंबर २०२३ मध्ये या योजनेतील पहिले पंचतारांकित मानांकन मिळाले.