ईदचा रंग आणि आजीचा पाळणा

दिवाळीआधी घरे झाडली-रंगवली जातात, तशी आमच्याकडे ईदच्या आधी. दापोडीच्या गल्ल्यांतही रमजान उतरणीला लागला की दारांशी रंगाचे डबे दिसू लागतात. त्यात घरात पहिलटकरीण असली तर बघायलाच नको. सातव्या महिन्यात सतवासा होतो (डोहाळजेवणाची बहीणच म्हणा) आणि माळ्यावरून पाळणा खाली उतरतो. आजीच्या वेळचा, दर बाळंतपणाला ऑइल पेंटचा एक हात मिळालेला.

घोर आहे तो या थरांचा. जुन्या ऑइल पेंटमध्ये अनेकदा शिसे असायचे. घरगुती रंगात ते ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासूनचा. त्याआधीचे थर पॉलिश पेपरने कोरडे घासले की धूळ उडते. ती श्वासातून आईच्या रक्तात जाते, तिथून पोटातल्या बाळापर्यंत. बाळाच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक. पुढे दात येताना तेच बाळ कठडा चावणार! पाळणा आठवण म्हणून जपा, बाळाला त्यात नको. दारे-खिडक्या घासायच्याच तर ओल्या करून, तिला त्या दिवसांत माहेरी धाडून. धूळ केरसुणीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

रोजाचेही तसेच. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर गर्भवतीला शरीयतने सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. तरी पोरी लोकलाजेपायी उपाशी राहतात. सासूबाईंनीच दुपारचे ताट तिच्यापुढे ठेवावे, आणि शेजारच्या काकूंनी ‘रोजा आहे का गं?’ असे विचारू नये.