सलाफहादच्या मुलींचा दावा

बायबलमधील स्त्रियांविषयीची प्रवचने आणि महिला मंडळांतील व्याख्याने बहुधा ठरावीक गुणांभोवती फिरतात : मरियेची आज्ञाधारकता, हन्नाची प्रार्थना, रूथची सासूवरील निष्ठा, मार्था आणि तिची बहीण मरिया यांची सेवा व श्रवण. हे गुण मोठे आहेत यात शंका नाही. मात्र विवेचन तेथेच थांबले की, त्याच ग्रंथात जमीन, घर, पाणी आणि वारसा मागण्यासाठी उभ्या राहिलेल्या स्त्रिया नजरेआड होतात. वडिलांच्या पश्चात घराचे आणि शेताचे काय करायचे हा प्रश्न आजच्या ख्रिस्ती स्त्रीपुढे कधी ना कधी येतोच, आणि तिने गप्प राहावे यासाठी अनेकदा धर्माचाच दाखला दिला जातो. म्हणून या दुसऱ्या प्रकारच्या स्त्रियांकडे लक्ष देणे आज अधिक निकडीचे आहे.

त्यांतील सर्वांत महत्त्वाची कथा जुन्या करारातील गणना या पुस्तकात येते. मिसर देशातून निघालेले इस्राएल लोक यरीहोसमोर, यार्देन नदीच्या काठी मवाबाच्या मैदानात पोहोचले, तेव्हा वीस वर्षे व त्यावरील पुरुषांची शिरगणती झाली आणि पुढे मिळणाऱ्या भूमीची वाटणी याच नोंदीच्या आधारे होईल असे ठरले. ज्याला मुलगा नाही त्याचे नाव अर्थातच या हिशेबातून गळणार होते. मनश्शेच्या वंशातील सलाफहाद हा असाच एक मनुष्य होता. तो अरण्यात मरण पावला होता आणि त्याच्या मागे महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाच मुली होत्या. या पाचही जणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूच्या, दाराशी येऊन मोशे, एलाजार याजक, सरदार आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. ज्या ठिकाणी निवाडे होत त्या ठिकाणी, ज्यांना निवाड्याचा अधिकार होता त्यांच्यासमोर आणि सर्वांच्या देखत त्यांनी आपले म्हणणे मांडले, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे.

त्यांचा युक्तिवादही एखाद्या कसलेल्या वकिलाला शोभेल असा आहे. मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाच्या टोळीत आपला बाप नव्हता, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले, म्हणजे बापाच्या अपराधामुळे वतन जप्त झाले असे म्हणण्यास जागा उरली नाही. त्यानंतर, मुलगा नाही एवढ्याच कारणाने बापाचे नाव कुळातून का पुसले जावे, असा प्रश्न करून त्यांनी चुलत्यांच्या बरोबरीने वाटा मागितला. मोशेजवळ या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. त्याने तो परमेश्वरापुढे नेला आणि मुलींचे म्हणणे रास्त असल्याचा निर्णय मिळाला. एवढेच नव्हे तर, मुलगा नसल्यास मुलगी, मुलगी नसल्यास भाऊ, मग चुलते आणि त्यानंतर जवळचा नातलग, असा वारसाचा क्रमच सर्व इस्राएलासाठी घालून देण्यात आला. नियमशास्त्राची बहुतेक कलमे वरून खाली आलेली दिसतात, पण हे कलम पाच अविवाहित मुलींनी प्रश्न विचारल्यामुळे अस्तित्वात आले.

या कथेला आधुनिक समानतेचा जाहीरनामा ठरवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. मुलगा असल्यास मुलीला वाटा नाही, ही चौकट तशीच राहिली. शिवाय त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात कुळातील वडीलधारे तक्रार घेऊन आले की, या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर जमीनही त्या वंशात जाईल. तेव्हा त्यांनी आपल्या पित्याच्या वंशातच विवाह करावा असे बंधन आले आणि त्यांनी आपल्या चुलत भावांशी लग्ने केली. हक्क मान्य झाल्यावरही त्याच्याभोवती कुंपण घालण्याची समाजाची ही तऱ्हा ओळखीची वाटते. निर्णय होऊनही जमीन आपोआप त्यांच्या पदरी पडली नाही. प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी त्यांना एलाजार आणि मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यांच्यासमोर पुन्हा जाऊन जुन्या आदेशाची आठवण करून द्यावी लागली, असे यहोशवाचे पुस्तक नोंदवते. या आग्रहाचा एक पुरावा बायबलबाहेरही सापडतो असे मानण्यास जागा आहे : शोमरोन या प्राचीन राजधानीच्या उत्खननात 1910 साली शाईने लिहिलेली खापरे मिळाली, ती साधारणपणे इसवी सनपूर्व आठव्या शतकातील असून त्यांवर द्राक्षारस आणि तेल यांच्या नोंदी आहेत, आणि त्यांतील प्रदेशांच्या नावांमध्ये नोआ व होग्ला ही दोन नावे आढळतात.

त्याच भूमिवाटणीच्या काळातील कालेबाची मुलगी अखसा हिची हकिकत चार-पाच वचनांत संपते, पण ती व्यवहारज्ञानाचा नमुना आहे. लग्नात तिला दक्षिणेकडील कोरड्या प्रदेशातली जमीन मिळाली. ती गाढवावरून खाली उतरली आणि बापाने काय हवे असे विचारताच, कोरडी जमीन दिलीच आहे तर पाण्याचे झरेही द्या, असे तिने सरळ सांगितले. कालेबाने वरचे आणि खालचे असे दोन्ही झरे तिला दिले. पाण्यावाचून शिवार म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. नावाला दिलेला वाटा आणि कसता येणारा वाटा यांत फरक असतो, हे अखसाला कळत होते.

शूनेमच्या स्त्रीचे उदाहरण याहून पुढचे आहे. अलीशा संदेष्ट्याने तिच्या मेलेल्या मुलाला जिवंत केल्याची कथा सर्वांना ठाऊक असते, पण तिचा उत्तरार्ध फारसा वाचला जात नाही. दुष्काळामुळे ती सात वर्षे पलिष्ट्यांच्या देशात राहून परत आली, तेव्हा तिचे घर आणि शेत दुसऱ्याच्या हाती गेले होते. म्हणून ती थेट राजाकडे दाद मागायला गेली. योगायोगाने त्याच वेळी अलीशाचा सेवक गेहजी राजाला तिचीच कथा सांगत होता. राजाने तिच्या कामासाठी एक अधिकारी नेमला आणि तिचे सर्व काही परत द्यावे, शिवाय ती देश सोडून गेल्यापासूनचे शेताचे उत्पन्नही द्यावे, असा हुकूम केला. ताब्याबरोबर थकलेले उत्पन्नही मिळवून देणारा हा निवाडा आहे.

रूथच्या पुस्तकातही एक शेत आहे, पण सासू-सुनेच्या प्रेमाच्या भरात त्याचा विसर पडतो. वेशीवर दहा वडील माणसांना बसवून रूथशी पुढे विवाह करणाऱ्या बवाजाने जो व्यवहार उरकला, तो तिची सासू नामी हिच्या नवऱ्याच्या जमिनीचा होता. बवाजाहून जवळच्या नातलगाने आधी ती सोडवून घेण्यास होकार दिला आणि तिच्याबरोबर रूथचीही जबाबदारी येते हे कळताच स्वतःचे वतन बिघडेल म्हणून माघार घेऊन पायातले पायतण काढून दिले. नीतिसूत्रांच्या अखेरीस वर्णिलेली सद्गुणी स्त्रीसुद्धा पहाटे उठते, सूत कातते, गरिबांना हात देते आणि विचारपूर्वक शेत विकत घेऊन स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते; विवाहप्रसंगीच्या उपदेशात यांतील पहाटे उठणे तेवढे हमखास ऐकू येते.

नव्या करारात हाच धागा थोडक्यात पण ठळकपणे येतो. विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूने कठोर शब्दांत सुनावले, आणि अन्यायी न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा जाऊन अखेर न्याय मिळवणाऱ्या विधवेला त्याने प्रार्थनेतील चिकाटीचे उदाहरण म्हणून पुढे ठेवले. योहान्ना, सूसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या मालमत्तेतून त्याच्या कार्याला साहाय्य करीत होत्या, आणि फिलिप्पै येथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेने पौल व त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी उतरवले. ज्या स्त्रियांच्या हाती काही होते, त्यांच्याच आधारावर प्रारंभीची मंडळी उभी राहिली.

भारतीय ख्रिस्ती स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न ग्रंथापुरता मर्यादित राहिलेला नाही. आजच्या केरळातील त्रावणकोर संस्थानाच्या 1916 च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल तेवढेच मिळे, आणि लग्नात स्त्रीधन दिले असेल तर तेही नाही. कोट्टायम येथे शाळा चालवणाऱ्या मेरी रॉय यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 24 फेब्रुवारी 1986 रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायालयाने समानतेच्या घटनात्मक मुद्द्यात न शिरता, 1951 साली केंद्रीय कायदे त्या प्रदेशाला लागू झाले तेव्हाच जुना कायदा संपुष्टात आला आणि 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू झाला, असे ठरवले. केरळातील काही चर्चनेत्यांनी या निकालाला विरोध केला, तसेच त्याचा मागील काळावरचा परिणाम रोखण्याचेही प्रयत्न झाले. सलाफहादच्या मुलींप्रमाणे रॉय यांनाही निकालानंतर प्रत्यक्ष वाट्यासाठी पुन्हा वर्षानुवर्षे झगडावे लागले.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांनाही 1925 चाच कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे व मुली यांना समान वाटा, असा त्याचा ढाचा आहे; मात्र मृत्युपत्राने सारी मालमत्ता मुलाच्याच नावे करण्यास तो आडकाठी करत नाही. गोव्यात परिस्थिती वेगळी आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या तेथील कायद्यानुसार मुले असलेल्या व्यक्तीला आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच भागाचे मृत्युपत्र मनाप्रमाणे करता येते आणि उरलेला निम्मा भाग मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसांसाठी राखीव राहतो. तरीही, कायदा कोणताही असो, खरी कसोटी सहीच्या वेळी लागते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवताना किंवा घराची वाटणी करताना बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. साडीचोळी आणि माहेरपण यांच्या मोबदल्यात तिने सही करावी अशी अपेक्षा असते आणि न केल्यास माहेर तुटेल ही भीती न बोलताच घातली जाते. स्वखुशीने वाटा सोडणाऱ्या बहिणीही असतात आणि तो त्यांचा अधिकारच आहे. पण त्यासाठी आपला वाटा किती आहे हे तिला आधी माहीत असावे लागते, कारण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजासहजी रद्द होत नाही आणि सही फसवून किंवा दबावाखाली घेतली गेली हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावरच येते.