बंदुकीवरची दुर्बीण

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीतला, एन.सी.सी.त जाणारा एक मुलगा मला म्हणाला, "काका, रायफलला दुर्बीण लावली की नेम आपोआप लागतो ना?" मी त्याला गच्चीवर नेले. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कडेशी त्याला अंगठा जुळवायला सांगितला, एक डोळा मिटायला लावला आणि म्हटले, आता मान जराशी हलव. अंगठा टाकीवरून सरकला! टाकी जागची हलली नाही, अंगठाही नाही. हलला तो डोळा. दुर्बिणीतही हेच घडते. आतली फुली आणि लक्ष्याची प्रतिमा एकाच प्रतलात नसेल, तर डोळा हलताच फुलीही सरकते. म्हणून दुर्बीण घेताना ती किती अंतरासाठी जुळवलेली आहे, हे आधी विचारावे.

पण गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते ते, "किती पट मोठे दिसते?" दहा पट म्हटले की डोळे चमकतात. आता हिशेब पाहा. पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असेल आणि वाढ चार पट असेल, तर मागून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका १० मिलिमीटर रुंद असते. दहा पटीला ती ४ मिलिमीटरच उरते. संध्याकाळी बुबुळातली बाहुली त्याहून मोठी होते, म्हणजे चित्र काळवंडते. शिवाय दृश्य अरुंद होते आणि हाताचा कंपही दहा पट दिसतो. जवळच्या कामाला वाढ नसलेली, नुसता लाल ठिपका दाखवणारी दृष्टी बरी. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

खरी गोम बसवण्यात आहे. इशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची आपली सेल्फ-लोडिंग रायफल घ्या. लष्कराने आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षे खांद्यावर वागवली. तिच्या माथ्यावरचे झाकण म्हणजे खाचेत सरकवलेला पातळ पत्रा. साफसफाईला ते काढावेच लागते. त्या पत्र्यावर दुर्बीण ठोकली तर नेम पत्र्याच्या मर्जीवर! ब्रिटिशांनी आपल्या अशाच रायफलीवर चार पटीची दुर्बीण बसवली, तेव्हा मूळ झाकणाच्या जागी दुसरे झाकण घातले. कलाश्निकोव्हचे झाकणही सैल, म्हणून तिथे दुर्बिणीची पट्टी बाजूच्या अंगावर असते.

हा काथ्याकूट कशासाठी? दोन कड्यांमधले अंतर १५ सेंटिमीटर धरा. त्यातली एक कडी केसाच्या जाडीइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकली, तर १०० मीटरवर गोळी जवळजवळ ७ सेंटिमीटर चुकते, ३०० मीटरवर २०. चांदमारीच्या मैदानावर यात गुण जातील. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये जशी प्रवाशांची गर्दी होती, तशा गर्दीत पोलिसाला बंदूक उचलावी लागली, तर तेवढ्या अंतरात दुसऱ्याच कुणाचा तरी जीव असतो.

तेव्हा आधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावे. पट्टी आणि कड्या तेलाविना कोरड्या पुसाव्यात. बंदूक खांद्याला लावून, गाल दस्त्यावर टेकवून, दुर्बीण मागेपुढे करावी. पूर्ण वर्तुळ दिसेल तिथे थांबावे. डोळा आणि भिंग यांत साधारण ८–९ सेंटिमीटर अंतर हवे, नाही तर धक्क्याने भुवई फुटते. दुर्बीण उंच बसली तर गाल अधांतरी राहतो. मग दस्त्यावर गादी बांधावी. फुली सरळ उभी करून स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. या जातीच्या बंदुकीत आतला भाग मागे आपटतो आणि पुन्हा पुढेही आपटतो, म्हणून स्क्रूवर रंगाची रेघ मारून ठेवावी. ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. उडणारी पुंगळी दुर्बिणीला अडत नाही ना, हेही पाहावे.

मग नेम जुळवणे. आधी २५ मीटरवर, नंतर १०० वर. एका गोळीवरून बटण फिरवू नये. तीन-पाच गोळ्यांचा पुंजका पाहून त्याचा मध्य धरावा. पाव कलेचे बटण असेल तर दर टिचकीला १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर फरक पडतो. पुंजका ५ सेंटिमीटर खाली पडला तर सात टिचक्या वर.

मुलगा हे सारे ऐकून म्हणाला, "मग कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंची दुर्बीण कुठली?" दुर्बीण नव्हतीच! ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत ती चालत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटरवर त्यांनी कांस्यपदक मिळवले ते मागे बारीक भोक आणि पुढे कडी, एवढ्यावरच. एन.सी.सी.च्या पॉइंट टू-टू रायफलीवरही सध्या तू तेवढेच शीक, असे मी त्याला सांगितले, आणि तेही चांदमारीवर, उस्तादांच्या देखत.